पेन्सिलीची सावली

पांढऱ्या पोस्टकार्डाच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर, पेन्सिल आडवी धरायची आणि फूटभर उंचीवरून दिवा लावायचा. घरातल्या झाडांसाठी दिवा घेताना पाकिटावरचे आकडे मी नंतर वाचते, आधी ही सावली बघते. दिव्याकडे थेट बघून काही कळत नाही. डोळे दिपतात आणि झगझगीत ते सगळेच चांगले वाटू लागते. सावली मात्र निवांत बघता येते. ती किती गडद आहे, तिची कड कुठे विरते, तिला रंग आहे का, पेन्सिल फिरवली की ती बदलते का, एवढे नीट पाहिले तर दिव्याच्या आत काय आणि किती अंतरावर बसवले आहे ते बरेचसे उलगडते. झाडाच्या दृष्टीनेही हीच पाहणी कामाची, कारण वरच्या पानाची खालच्या पानावर पडणारी सावली अशीच असणार.

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चार फुटी मांडणीच्या मधल्या फळीवर आफ्रिकन व्हायोलेटच्या अकरा कुंड्या आहेत. शेजारी उत्तरेची खिडकी आहे, पण समोर सात मजली इमारत उभी राहिल्यापासून तिच्यातून येणारा उजेड दुपारीही मलूल असतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर आभाळच झाकलेले. खिडकीच्या भरवशावर ही झाडे जगली, फुलली मात्र नाहीत. देठ लांबत गेले, पाने वर उचलली गेली आणि चकतीसारखी बसकी असायला हवी ती रोपे उघड्या छत्रीसारखी उलटली. तेव्हापासून मी दिव्यांच्या नादी लागले.

या झाडाचे मूळ घर कळले की त्याला कसला उजेड लागतो ते सांगावे लागत नाही. आजच्या टांझानियातल्या उसंबारा डोंगरांत, तिथे जर्मनांची वसाहत होती तेव्हा, १८९२ साली बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या अधिकाऱ्याच्या नजरेस ते पडले. त्याच्या नावावरून प्रजातीला सेंटपॉलिया म्हटले गेले. २०१५ मध्ये तिला स्ट्रेप्टोकार्पस या मोठ्या प्रजातीत सामावून घेतले. जंगलातल्या शेवाळलेल्या खडकांच्या कपारी ही त्याची जागा. वर झाडांचे छत, त्यात डोंगरावरचे धुके. तिथपर्यंत पोचणारा उजेड कुठल्याही एका दिशेने येत नाही. तो सगळीकडून झिरपत येतो. पानांवरची बारीक मखमली लव असल्याच उजेडात शोभते. तिच्यावर थेट झोत मारला तर ती राखाडी, धुळकट दिसते.

पहिला दिवा मी आणला तो जांभळा. झाडांसाठीचा दिवा म्हणजे लाल आणि निळा, असा समज त्या वेळी सगळीकडे होता. तो कार्डावर धरला आणि पेन्सिल जरा वर उचलली, तर सावल्या फाकल्या. एक निळी, शेजारी एक गुलाबी, मध्ये जिथे दोन्ही एकमेकींवर चढतात तिथे काळी. दिव्यात एलईडीची लाल चिप एका जागी आणि निळी दुसऱ्या जागी. पेन्सिलीने लाल अडवला की तिथे निळाच उरतो, निळा अडवला की लाल. दिसायला ही सावली सुंदर आहे, हे मला मान्य आहे. लहान मुलांना दाखवावी इतकी सुंदर. पण अशा दिव्याखाली झाडाचे एक पान निळ्यात आणि दुसरे लालमध्ये बसते, आणि बघणाऱ्याला सगळी पाने काळपट दिसतात. पान पिवळे पडू लागलेय का, मागे कोळी लागलाय का, शेंड्याला बुरशी आहे का, काही म्हणजे काही कळत नाही. माझी दोन रोपे त्या उजेडात मुळापासून सडली. ते मला दिसले तोवर उशीर झाला होता.

हा जांभळा रंग आला कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात मिसळले आणि त्यातून प्रकाश सोडला, तर ते निळा आणि लाल शोषते आणि हिरवा बहुतेक सोडून देते. हा आलेख शाळेच्या पुस्तकात असतो. त्यावरून हिरवा प्रकाश झाडाच्या उपयोगाचा नाही असा निष्कर्ष निघाला आणि दिवे बनवणाऱ्यांनी तो उचलला. पण पान म्हणजे परीक्षानळीतले द्रावण नव्हे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर एकेका तरंगलांबीचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले. १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसले की ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश पान वापरते. लाल सर्वात चांगला, पण हिरवाही फार मागे नाही. पानाच्या आत हिरवा किरण पेशींवर आपटत, वळत, पुन्हा आपटत फिरतो आणि बहुतेक शेवटी शोषला जातो. लाल-निळा वरच्याच थरात संपतो, हिरवा खोलवर आणि काही प्रमाणात खालच्या पानापर्यंतही पोचतो. म्हणजे पान स्वतःच उजेड पसरवण्याचे काम करते. मॅक्रींचा तो आलेख मला फार आवडतो. दोन सुळक्यांमध्ये खोल दरी नाही, एक उतरती-चढती टेकाडे असलेली वाट आहे.

जांभळ्या दिव्यांना एके काळी खरे कारण होते. तेव्हा लाल आणि निळ्या चिप विजेचा सर्वात चांगला उपयोग करत, आणि अवकाशात एकेक वॅट मोलाचा. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरच्या ‘व्हेजी’ या छोट्या वाफ्यात म्हणून लाल-निळे दिवे आहेत. त्यांत हिरव्याची भर घातलेली आहे. तिथे वाढवलेले लाल रोमेन लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ले. माझ्या घरात ते कारण नाही. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी साधला (२०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यासाठीच) आणि त्या निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा थर चढवून पांढरा प्रकाश निघू लागला, तेव्हाच खरे तर घरातल्या झाडांचा प्रश्न सुटला होता. एकाच ठिपक्यातून सगळे रंग मिसळून बाहेर येतात, म्हणून पांढऱ्या चिपची सावली रंगीत होत नाही. तिच्यात दोष असला तर तो कडेचा असतो.

त्या कडेकडे आता येते. दुसरा दिवा होता उघड्या चिपची पट्टी. कार्डावर सावली पडली ती धारदार. कडेजवळ नीट बघितले तर जिन्याच्या पायऱ्यांसारखे बारीक टप्पे, एकेका चिपचा एकेक. हे बघताना मी एकदा सहज हिशेब केला आणि कितीतरी वेळ त्याच विचारात राहिले. बाजारात सर्वात जास्त मिळणारी चिप ‘२८३५’, म्हणजे २.८ बाय ३.५ मिलिमीटर. ती एक फुटावरून बघितली तर तिची रुंदी डोळ्यांशी जेवढा कोन करते, जवळजवळ तेवढाच, म्हणजे सुमारे अर्धा अंश, कोन आकाशातला सूर्य करतो. फूटभर अंतरावरची एक चिप झाडाला सूर्याएवढी मोठी दिसते! तिची सावली उन्हातल्या सावलीइतकी कडक पडते ती म्हणूनच. आंब्याखाली जमिनीवर गोल कवडसे पडतात ते भोकांच्या आकाराचे नसतात, सूर्याच्या आकाराचे असतात. ग्रहणात त्यांच्या कोरी होतात.

मग उन्हाची सावली डोळ्यांना का खुपत नाही? कारण सूर्याभोवती आख्खे आभाळ आहे. ऊन जिथे अडते तिथे आभाळाचा उजेड येऊन भरतो, म्हणून उन्हातली सावली कधी पूर्ण काळी नसते. पट्टीला आभाळ नसते. दिवा झाडासाठी पसरवायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते मला इथे समजले. त्याच्याभोवती आभाळ उभे करायचे.

सगळ्यांना सुचणारा उपाय दुधी आवरणाचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने मला तेच सांगितले. “ताई, दुधी कव्हरवालाच न्या, डोळ्यांना लागत नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. तो तिसरा दिवा, चार फुटी दुधी बॅटन, मी आजही बैठकीत वापरते. त्याची सावली रसिकाने अवश्य बघावी अशी आहे. पेन्सिल बॅटनला समांतर धरली तर खाली गडद रेघ उमटते, कडा मऊ पण गाभा काळा. तीच पेन्सिल हळूहळू फिरवून बॅटनच्या आडवी केली की रेघ फिकी होत होत जवळजवळ नाहीशी होते. वस्तू तीच, दिवा तोच, अंतर तेच. बॅटन लांबीच्या दिशेने चार फूट आहे आणि रुंदीच्या दिशेने जेमतेम इंचभर. लांबीच्या दिशेने तो आभाळ आहे, रुंदीच्या दिशेने अजून दिवाच आहे. ज्यांच्या घरात असा बॅटन आहे त्यांनी आज रात्री हे करून बघावे.

आवरण बसवण्याचीही एक रीत आहे. पट्टीवर मीटरला ६० चिप असतील तर दोन चिपमधले अंतर साधारण १७ मिलिमीटर. आवरण चिपपासून निदान तेवढे दूर हवे, तरच ठिपके एकमेकांत मिसळतात. बाजारातल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या चॅनेलची खोली बहुतेक ७-८ मिलिमीटर, म्हणून त्यांत ही पट्टी बसवली की दुधी आवरणावरही माळेसारखे मणी दिसतात. मीटरला १२० चिपची पट्टी घेतली तर त्याच खोलीत जवळजवळ जमून जाते. बटर पेपर, घासलेले ॲक्रिलिक, दुधी ॲक्रिलिक, जुन्या मलमलीचा तुकडा, सगळे मी लावून पाहिले. मलमलीचा उजेड दिसायला सर्वात गोड, पण तिच्यावर धूळ बसते. ओलाव्याच्या आणि विजेच्या जवळ कापड ठेवूही नये.

आणि इथेच माझे मत दुकानदाराहून वेगळे पडते. दुधी आवरण उजेडाचा पाचवा ते तिसरा हिस्सा खाते. पॉलिहाऊसमध्ये हा व्यवहार परवडतो. मावळात, तळेगावच्या बाजूला, गुलाब आणि जरबेराच्या पॉलिहाऊसवर २०० मायक्रॉनचे प्लास्टिक असते, त्यात ऊन पसरवणारा दुधट प्रकार मुद्दाम निवडतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी काकडी आणि टोमॅटोवर दाखवून दिले की प्रकाश पसरवणाऱ्या काचेखाली उत्पन्न वाढते. कारण सरळ आहे. भर उन्हात वरच्या पानांना पचवता येईल त्याहून जास्त प्रकाश मिळतो, तो वाया जातो, आणि खालची पाने उपाशी राहतात. पसरवला की वरचे जास्तीचे खाली पोचते. माझ्या फळीवर जास्तीचे असे काही नाहीच. तिथे प्रत्येक पान जेमतेम पोटापुरते मिळवते आहे. अशा ठिकाणी पाव हिस्सा प्लास्टिकला देणे म्हणजे झाडाच्या ताटातला घास काढून घेणे. बैठकीतल्या माणसांसाठी ते आवरण योग्य, झाडांसाठी नाही.

फळीवर आता जो दिवा आहे तो माझ्या मते सर्वांत उत्तम. त्यावर कसलेही आवरण नाही. चार फुटी सहा पट्ट्या, एकमेकींपासून सहा-सात सेंटिमीटरवर, प्रत्येकीवर दीडशेच्या आसपास चिप, सगळ्या मिळून ४० वॅट. चिपमधून तिच्या कुवतीच्या अर्ध्याहूनही कमी प्रवाह सोडलेला. असा मंद चालवलेला एलईडी कमी तापतो, जास्त टिकतो आणि तेवढ्याच विजेत जास्त प्रकाश देतो. मागची भिंत आणि दोन्ही बाजू बिनचमकीच्या पांढऱ्या रंगाच्या, कारण असा रंग पडलेल्या उजेडातला बहुतेक सगळा परत फेकतो आणि तोही चहूकडे. समोरच्या कडेला चार बोटे रुंद लाकडी पट्टी, म्हणजे खुर्चीवर बसलेल्याला चिप दिसत नाहीत आणि झाडाला मात्र सगळ्या दिसतात. नऊशे बारीक दिव्यांचे हे छत, तीन बाजूंना पांढऱ्या भिंती. एवढ्यावर झाडाचे आभाळ तयार होते.

त्याखाली कार्ड धरा. दोन बोटांवरची पेन्सिल कुठेही फिरवा, रेघ उमटत नाही. कार्डावर नुसती एक धूसर छटा सरकत जाते, ढगाची सावली माळावरून जावी तशी. पेन्सिल अगदी कार्डाला टेकवली तर बुडाशी बारीक काळी रेघ येते, उचलली की विरते. व्हायोलेटकडे बघा. वरच्या पानाखाली खालचे पान अंधारात गेलेले नाही, फक्त अर्ध्या सुराने खाली आलेले आहे. लवेचा प्रत्येक केस वेगळा दिसतो, कारण उजेड त्याच्या दोन्ही अंगांनी येतो. पाकळ्यांच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक कणांसारखी जी चमक असते, ती कडक दिव्यात पांढरे डाग होऊन जाते आणि दुधी बॅटनखाली पार मावळते. इथे ती आहे, जेवढी असावी तेवढी. आणि आता कुंडी आठवड्याला पाव फेरा वळवावी लागत नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या पुस्तकात कोवळ्या अंकुरांचे प्रकाशाकडे वळणे तपासले होते. उजेड एका बाजूने आला तर रोप वळणारच. चहूकडून आला की ते कुठेच वळत नाही, सरळ चकतीसारखे पसरते.

रंगाबद्दल मला जे पटले ते थोडक्यात. आपल्याकडे ६५०० केल्विनचा गार पांढरा सर्रास खपतो. त्यात निळ्याचा वाटा पाव हिश्श्याच्या पुढे, त्याने झाड बुटके राहते, पण फुले निस्तेज दिसतात. २७०० च्या पिवळ्यात निळा दहा-अकरा टक्के, त्यात देठ थोडे लांबतात. ४००० केल्विन मला दोन्हींच्या मध्ये नेमका वाटतो. रंग खरे दिसण्यासाठी सीआरआय हा रंगांच्या खरेपणाचा आकडा ९० च्या वर घ्यावा, आणि त्यातही ‘आर ९’ हा गडद लालचा आकडा वेगळा विचारावा. सीआरआयची सरासरी आठ फिक्या रंगांवर काढतात, गडद लाल तिच्यात धरलेलाच नसतो. काही व्हायोलेटच्या पानांची मागची बाजू वाइनसारखी लाल असते. सीआरआय ८० च्या दिव्यात ती विटकरी दिसते.

उजेड किती, हा प्रश्न डोळ्याला विचारू नये. डोळ्याची बाहुली रुंदावते, सवय होते, आणि २०० लक्सची खोली आपल्याला उजळ वाटते. झाडाला ती जवळपास अंधारच आहे. झाडाचा हिशेब फोटॉनच्या संख्येत, म्हणजे दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल, असा करतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. व्हायोलेटला १०० ते १५० पुरतात. पांढऱ्या एलईडीखाली लक्समीटरवर जो आकडा येईल त्याला ६५-७० ने भागावे, मायक्रोमोल मिळतात. माझ्या फळीवर पानांच्या उंचीवर ८,००० लक्स, म्हणजे साधारण १२०. टायमरवर रोज बारा तास, विजेचा खर्च दिवसाला अर्धा युनिट. तुळशीला याच्या दुपटी-तिपटीने हवा, ती या फळीवर नांदणार नाही. शेवंती पुरेशी मोठी रात्र मिळाल्याखेरीज कळ्या धरत नाही, म्हणून तिला बैठकीच्या दिव्यांपासून दूर ठेवावे. पाकिटावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. १,००० वॅट छापलेला एक दिवा मी मीटरला लावला तर तो शंभराच्या आसपासच वीज ओढत होता.

श्रावणात बाहेर चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखे होते. तेव्हा या फळीसमोर बसून राहावेसे वाटते. अकरापैकी नऊ कुंड्यांना आज फुले आहेत.

तुम्ही दिवा घ्यायला जाल तेव्हा पोस्टकार्ड आणि पेन्सिल बरोबर न्या. दुकानदार दिवा लावून दाखवतात. पेन्सिल आधी दिव्याला समांतर धरा, मग आडवी करा, आणि दोन्ही सावल्या नीट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.